धाव संपल्यावरचा दम : ए. व्ही. हिल यांचे जीवन आणि कार्य

कुस्ती निकाली होते, हलगी थांबते, दोन्ही पैलवान अंगाची माती झटकत कडेला येतात. पण त्यांच्या छातीचे भाते अजून चाललेलेच असतात. शंभर मीटरची शर्यत जेमतेम दहा-बारा सेकंदांत संपते. धावणारा मात्र फीत तोडल्यानंतर कितीतरी मिनिटे गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा असतो. काम संपले, पाय थांबले, मग हा दम कशाचा? प्रश्न इतका रोजचा आहे की तो प्रश्न आहे असे सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. असे रोजचे प्रश्न गंभीरपणे घेणारी, त्यांच्यापाठी घड्याळ, तराजू आणि गणित घेऊन लागणारी माणसे विज्ञानाच्या इतिहासात थोडी होऊन गेली. इंग्लंडचे आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल हे त्यांपैकी एक होत.

व्यायामशास्त्र आणि मानवी हालचालींचे शास्त्र हे विषय आज जगातील अनेक विद्यापीठांत पदवीपासून संशोधनापर्यंत शिकविले जातात. तरीही शारीरिक शिक्षण म्हणजे शिट्टी, कवायत आणि वार्षिक क्रीडामहोत्सव हा समज आपल्याकडे पुरता गेलेला नाही. ज्याला गणित जमत नाही त्याने मैदानाकडे जावे, असे घरोघरी म्हटले जाते. हिल यांचे चरित्र या समजाला परस्पर उत्तर देते. कारण हे गृहस्थ गणिताच्या वाटेनेच स्नायूंपर्यंत पोहोचले होते.

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी ब्रिस्टल येथे झाला. घराणे लाकडाच्या व्यापारातले. मुलगा अवघा तीन वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले आणि मुलगा व मुलगी यांना वाढविण्याचा सारा भार आईवर पडला. ही बाई खंबीर होती. सात वर्षांचा होईपर्यंत मुलाला तिने घरीच शिकविले. पुढे डेव्हन परगण्यातील टिव्हर्टन गावच्या ब्लंडेल्स शाळेत त्याचे शिक्षण झाले. तेथे गणितात त्याची बुद्धी चमकली आणि शिष्यवृत्तीच्या बळावर तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. आपली दोन्ही नावे त्याला मुळीच आवडत नसत. त्यामुळे पुढे आयुष्यभर मित्र, विद्यार्थी आणि सहकारी त्यांना नुसते ए. व्ही. म्हणत.

केंब्रिजच्या गणित परीक्षेतील पहिल्या वर्गाला रँग्लर म्हणतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८९९ साली सीनियर रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे तो शब्द आपल्या घरचाच होऊन गेला आहे. १९०७ साली हिल त्याच परीक्षेत तिसरे रँग्लर आले. एवढे यश मिळविणाऱ्या तरुणाने गणितातच आयुष्य काढावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु हिल यांचे मन निव्वळ गणितात रमेना. हाताला काहीतरी लागावे, उपकरण जुळवावे, आकडा प्रत्यक्षातून यावा, अशी त्यांची ओढ होती. त्यांचे मार्गदर्शक वॉल्टर फ्लेचर हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि त्यांनीच हिल यांना आपल्या विषयाकडे वळविले.

या फ्लेचर यांनी फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासह १९०७ सालीच एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले होते. बेडकाचा स्नायू प्राणवायूवाचून काम करू लागला, तर त्यात लॅक्टिक आम्ल साठते. त्याला पुन्हा प्राणवायू दिला, की ते आम्ल नाहीसे होते, असे त्यांना आढळले. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या निरीक्षणात आहे. १९०९ साली शरीरक्रियाविभागाचे प्रमुख लँगली यांनी हिल यांना विषय सुचविला तो असा की, स्नायू हे एक यंत्र मानावे आणि त्यात किती ऊर्जा खर्च होते, किती काम निघते आणि किती उष्णता वाया जाते, हे मोजून पाहावे. गणितज्ञाला याहून मनाजोगे काम कोणते मिळणार?

काम दिसायला सोपे, करायला महाकठीण. बेडकाच्या मांडीतील बोटभर लांबीचा पातळ स्नायू एकदा आखडला, की त्याचे तापमान सुमारे एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट एवढेच वाढते आणि तेही क्षणात. हा बदल नुसता टिपून भागणार नव्हते. तो कोणत्या क्षणी किती झाला, हेही कळायला हवे होते. त्यासाठी हिल जर्मनीला गेले आणि तेथील तज्ञांकडून उष्णता मोजण्याची नाजूक विद्युत्-उपकरणे कशी बनवितात ते शिकून आले. परतल्यावर ती उपकरणे ते आयुष्यभर सुधारीतच राहिले. याच काळात, १९१० साली, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला कसे धरते यासंबंधी त्यांनी एक लहानसे समीकरण मांडले. औषधशास्त्राचे विद्यार्थी हिल यांच्या नावाने ओळखले जाणारे ते समीकरण आजही शिकतात. १९१३ साली त्यांचा विवाह मार्गारेट केन्स यांच्याशी झाला. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स हे मार्गारेटचे बंधू.

बेडकाच्या स्नायूने हिल यांना एक विलक्षण गोष्ट सांगितली. स्नायू आखडताना उष्णता निघते, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु आखडणे संपल्यानंतरही बराच वेळ, कित्येक मिनिटे, मंद उष्णता निघतच राहते, असे त्यांना दिसले. मग त्यांनी स्नायूभोवतीचा प्राणवायू काढून तेथे नुसता नायट्रोजन भरला. पहिली उष्णता जशीच्या तशी निघाली, मागाहूनची मात्र जवळजवळ नाहीशी झाली. याचा अर्थ उघड होता. स्नायूला आखडण्याच्या क्षणी प्राणवायू लागतच नाही. तो लागतो नंतर, झालेला खर्च भरून काढून स्नायूला पूर्वस्थितीवर आणताना. आपण आजवर प्राणवायूला चुलीतल्या वाऱ्यासारखे समजत होतो. हिल यांच्या प्रयोगांत तो वर्षाअखेर हिशेब चुकता करणाऱ्या दिवाणजीसारखा दिसू लागला.

एवढ्यात १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. हिल सैन्यात कॅप्टन झाले. विमाने नवी होती आणि त्यांच्यावर तोफा डागण्याचे तंत्र कोणालाच अवगत नव्हते. आकाशात धावणाऱ्या लक्ष्याची उंची व दिशा कशी मोजावी आणि गोळा कोठे फुटेल हे आधी कसे सांगावे, हा गणिताचा प्रश्न होता. त्यासाठी १९१६ साली हिल यांच्या हाताखाली गणितज्ञांची एक तुकडी उभी राहिली. राल्फ फाउलर, एडवर्ड मिल्न, विल्यम हार्ट्री अशी माणसे तीत होती आणि या मंडळींना गमतीने हिलचे लुटारू म्हणत. यांपैकी हार्ट्री युद्धानंतर हिल यांच्याबरोबर स्नायूंच्या उष्णतेचे गणित करू लागले. तोफेचा गोळा आणि बेडकाची मांडी यांत हिल यांच्या दृष्टीने फारसे अंतर नव्हते. दोन्हीकडे मोजमापच करायचे होते. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९२० साली हिल मँचेस्टर विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि येथे त्यांच्या संशोधनाने महत्त्वाचे वळण घेतले. प्रयोगशाळेतील बेडकाचे जे खरे, ते मैदानावर धावणाऱ्या माणसाचेही खरे असेल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. हिल स्वतः चांगले धावपटू होते. प्रयोगासाठी माणूस शोधायला त्यांना दूर जावे लागले नाही. वयाच्या पस्तिशीत त्यांनी स्वतःलाच प्रयोगाला लावले आणि हार्टले लप्टन, सी. एन. एच. लाँग अशा तरुण सहकाऱ्यांना जोडीला घेतले.

सुमारे ८५ मीटर घेराची हिरवळीवरची एक धावपट्टी, पाठीवर बांधलेली रबरी कापडाची मोठी पिशवी, तोंडात झडपेची नळी आणि हातात घड्याळ, एवढेच साहित्य. ठरावीक वेगाने धावायचे. ठरल्या क्षणी तोटी फिरवून उच्छ्वासाची हवा पिशवीत भरायची. मग पिशवीतली हवा मोजायची आणि तिच्यात प्राणवायू किती उरला आहे ते तपासायचे. नाकाला चिमटा, पाठीवर फुगणारी पिशवी आणि गोल गोल धावणारे प्रोफेसर हे दृश्य पाहून कोणाला हसू आले असेल, तर नवल नाही. पण त्या पिशव्यांतून जे आकडे निघाले, त्यांनी व्यायामाच्या अभ्यासाची दिशाच ठरविली.

पहिली गोष्ट अशी दिसली की, माणूस बेताच्या वेगाने धावू लागला, की प्राणवायूचा खप पहिल्या दोन-तीन मिनिटांत चढत जातो आणि मग एका पातळीवर स्थिर होतो. जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो. अशा वेगाने माणूस बराच काळ धावू शकतो. वेग वाढविला, की पातळीही वाढते. परंतु ही वाढ अमर्याद नाही. एका विशिष्ट वेगानंतर धावणारा कितीही जोर करो, प्राणवायूचा खप त्यापुढे जात नाही. हृदय आणि फुप्फुसे यांनी आपली हद्द गाठलेली असते. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू पुरतो. हिल यांची स्वतःची कमाल मर्यादा मिनिटाला सुमारे चार लिटर भरली, म्हणजे जवळजवळ सोळा पट. या मर्यादेला कमाल प्राणवायू-ग्रहण असे म्हणता येईल. आज खेळाडूची तपासणी असो, की हृदयरोग्याची, धावत्या पट्ट्यावर माणसाला चालवून जे मोजतात, त्याचे मूळ त्या मँचेस्टरच्या हिरवळीवर आहे.

दुसरी गोष्ट धाव संपल्यावरच्या दमाची. शंभर मीटर वेगाने धावण्यास जेवढा प्राणवायू हवा, तेवढा त्या दहा-बारा सेकंदांत छातीत शिरणेच शक्य नाही. मग शरीर काय करते? गाठीला पैसा नसताना घरात कार्य निघाले, तर गृहस्थ जे करतो तेच, उधारी करते. स्नायू प्राणवायूवाचून काम उरकतो आणि काम संपल्यावर धापा टाकून ती उधारी फेडतो. हिल यांनी याला प्राणवायूचे ऋण असे नाव दिले आणि धाव थांबल्यानंतर जादा लागलेला प्राणवायू मोजून ते ऋण किती झाले हेही सांगितले. कसलेल्या माणसात ते दहा लिटरांच्याही वर जाते, असे त्यांच्या आकड्यांवरून दिसले. पैलवान कडेला बसून ज्या धापा टाकतो, त्या सरलेल्या कुस्तीच्या हिशेबाच्या असतात.

याच सुमारास जर्मनीतील कील येथे ऑटो मायरहोफ हे शास्त्रज्ञ रसायनशास्त्राच्या बाजूने त्याच प्रश्नाला भिडले होते. प्राणवायू नसताना ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल किती तयार होते आणि प्राणवायू मिळाल्यावर त्यातले किती जळून बाकीचे परत ग्लायकोजेन होते, हे त्यांनी तपासले. एकाने उष्णता मोजली, दुसऱ्याने आम्ल मोजले आणि दोघांचे हिशेब जुळत गेले. शरीरक्रियाशास्त्राचे १९२२ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. महायुद्ध संपून चारच वर्षे झाली होती. इंग्रज आणि जर्मन एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, अशा दिवसांत इंग्रज सैन्यातला एक माजी अधिकारी आणि एक जर्मन प्राध्यापक एकमेकांचे मित्र झाले होते.

१९२३ साली हिल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. १९२५ साली ब्रिटिश असोसिएशनपुढील भाषणात त्यांनी एक नवाच विषय मांडला. धावणे, पोहणे, वल्हविणे, सायकल, स्केटिंग यांतील पुरुषांचे व स्त्रियांचे विक्रम त्यांनी एकत्र केले आणि अंतर वाढते तसा सरासरी वेग कसा घटतो याचे आलेख काढले. वृत्तपत्रातल्या क्रीडापानावरचे आकडे हे कोणी न योजलेल्या, पण अतिशय काटेकोर प्रयोगांचे निष्कर्ष आहेत, हे त्यांच्या लक्षात आले होते. कारण प्रत्येक विक्रमात एक माणूस आपली सर्व शक्ती पणाला लावतो आणि पंच घड्याळ लावून ती मोजतात. फुकट मिळणारी इतकी चांगली माहिती शास्त्राने का सोडावी?

१९२७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात व्याख्याने देण्यासाठी गेले असताना त्यांनी वेगवान धावपटूंचा अभ्यास केला. धावपट्टीच्या कडेने ठरावीक अंतरांवर तारेची वेटोळी मांडली आणि धावणाऱ्याच्या अंगावर चुंबक बांधले. लोखंड कापायच्या करवतीचे पाते चुंबकित केले, की काम भागत असे. चुंबक वेटोळ्यासमोरून गेले, की तारेत क्षणभर विद्युत्प्रवाह निर्माण होई आणि त्याची नोंद होई. माणूस सुरुवातीला कसा वेग घेतो, कोठे कमाल वेगाला पोहोचतो आणि कोठे ढेपाळू लागतो, हे त्यामुळे सेकंदाच्या अंशांत कळले. उपकरणांसाठी मोठे अनुदान हवे, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे करवतीचे पाते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेतल्या अशाच एका व्याख्यानानंतर एक वयस्क श्रोते उठून उभे राहिले आणि या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे त्यांनी थोड्या रागानेच विचारले. हिल यांनी आधी काही उपयोग सांगून पाहिले आणि मग सरळ कबूल केले की, आपण हे उपयोगासाठी करीत नसून त्यात मौज वाटते म्हणून करतो. सभागृह खूष झाले. उत्तर गमतीचे असले, तरी त्यात मोठा अर्थ आहे. केवळ पदकांसाठी केलेला अभ्यास पदक मिळाले की संपतो. कुतूहलातून केलेल्या अभ्यासाचे उपयोग ज्यांची कल्पनाही नव्हती अशा ठिकाणी निघतात. कमाल प्राणवायू मोजण्याची रीत हृदयरोग्याच्या कामी येईल, हे त्या हिरवळीवर धावताना कोणाच्या स्वप्नातही नसावे.

हिल यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी परीक्षा मात्र नोबेल पारितोषिकानंतर झाली. स्नायू हे ताणलेल्या स्प्रिंगसारखे असून आखडण्याच्या क्षणी ठरलेली ऊर्जा एकदम मोकळी होते, अशी त्यांची सुरुवातीची समजूत होती. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करायला आलेल्या वॉलेस फेन या अमेरिकन तरुणाने दाखवून दिले की, स्नायूने वजन उचलले, तर तो त्या कामासाठी जादा ऊर्जा सोडतो. म्हणजे स्प्रिंगची उपमा लागू पडत नाही. गुरूच्या घरात बसून शिष्याने गुरूची उपमा मोडली. आज ती गोष्ट फेन यांच्या नावाने ओळखली जाते.

त्याहून मोठा धक्का १९३० साली बसला. कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी एका विषाच्या साहाय्याने स्नायूतील लॅक्टिक आम्लाची निर्मिती पूर्ण बंद केली आणि तरीही स्नायू काही काळ आखडत राहिला. लॅक्टिक आम्ल हेच आखडण्याचे कारण, हा सिद्धांत त्या एका प्रयोगाने कोसळला. ज्या कामाबद्दल जगातला सर्वश्रेष्ठ मान मिळाला, त्याचाच रासायनिक पाया हादरला होता. अशा वेळी मोठ्या नावामागे दडून शंका काढीत बसणे सोपे असते. हिल यांनी ते केले नाही. १९३२ साली त्यांनी स्नायुशास्त्रातील क्रांती अशाच आशयाच्या शीर्षकाचा दीर्घ लेख लिहून जुना सिद्धांत गेला, हे सर्वांना मोकळेपणाने सांगितले. त्यांचे आकडे मात्र टिकले. उष्णतेची मोजमापे तीच राहिली, अर्थ तेवढा बदलला. सिद्धांत जातात, नीट केलेले मोजमाप उरते, हा धडा यातून घ्यावा.

पुढे १९३८ साली त्यांनी स्नायूवरील भार आणि त्याच्या आखडण्याचा वेग यांचा संबंध एका समीकरणात बांधला. भार जड तर वेग कमी, भार हलका तर वेग जास्त, हे हमालालाही ठाऊक असते. पण तो संबंध सरळ रेषेचा नसून विशिष्ट वक्राचा आहे आणि सर्वाधिक शक्ती मधल्याच कोठेतरी, साधारण कमाल जोराच्या एक-तृतीयांशाच्या आसपास मिळते, हे हिल यांनी दाखविले. सायकलस्वार चढावर गिअर बदलतो, तो नकळत या वक्रावरची योग्य जागाच शोधत असतो. हालचालींच्या शास्त्रात आज संगणकावर स्नायूंच्या प्रतिकृती उभारतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हेच समीकरण असते.

प्रयोगशाळेबाहेरही हिल यांची कसोटी लागली. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांना जर्मन विद्यापीठांतून हाकलण्यास आरंभ झाला. अशा विद्वानांना इंग्लंडमध्ये आसरा व काम मिळवून देण्यासाठी जी परिषद स्थापन झाली, तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांत हिल होते. त्यांनी जाहीर व्याख्यानात जर्मनीतील छळाचा निषेध केला. त्यावर योहानेस स्टार्क या नाझीपक्षीय नोबेल-विजेत्याने त्यांच्याशी नेचर नियतकालिकातून वाद घातला. हिल मागे हटले नाहीत. लाइपझिगमधील बर्नार्ड काट्झ नावाच्या एका ज्यू विद्यार्थ्याने तो वाद वाचला आणि जायचे तर याच माणसाकडे, असे ठरविले. १९३५ साली तो हिल यांच्या प्रयोगशाळेत आला. त्याला पुढे १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुने मित्र मायरहोफ यांनाही १९३८ साली जर्मनी सोडावी लागली. फ्रान्समार्गे ते अमेरिकेत पोहोचले आणि १९५१ साली तेथेच वारले. प्राणवायूच्या ऋणाचा हिशेब मांडणाऱ्या हिल यांनी माणुसकीचे ऋण असे फेडले.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हवाई संरक्षणाच्या ज्या समितीने रडारला चालना दिली, तिचे ते सभासद होते. १९४० ते १९४५ या काळात केंब्रिज विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते पार्लमेंटमध्येही बसले. याच काळात त्यांचा आपल्या देशाशी संबंध आला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते १९४३ च्या अखेरीस येथे आले आणि १९४४ च्या एप्रिलपर्यंत त्यांनी ठिकठिकाणच्या संशोधनसंस्था पाहिल्या. नंतर सादर केलेल्या अहवालात त्यांनी वैज्ञानिक संशोधनाची नीट संघटना, आरोग्य, अन्न आणि लोकसंख्या यांच्या प्रश्नांचा एकत्र विचार, आणि उत्तम शिक्षक व संशोधक तयार करणारे एक अखिल भारतीय वैद्यकीय केंद्र यांचा पुरस्कार केला. भोर समितीने १९४६ साली अशाच संस्थेची शिफारस केली आणि १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. त्या कल्पनेत हिल यांचाही वाटा आहे.

कन्नड विभागाच्या वाचकांसाठी आणखी एक धागा सांगण्यासारखा आहे. हिल यांची कन्या पॉली हिल या अर्थव्यवस्थेचा मानवशास्त्रीय अभ्यास करणाऱ्या नामांकित विदुषी होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या बंगळूरजवळच्या आनेकल भागातील खेड्यांत राहिल्या आणि कोरडवाहू शेती करणाऱ्या कुटुंबांची नायजेरियातील कुटुंबांशी तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. वडिलांनी स्नायूंचा जमाखर्च मांडला, कन्येने नाचणी पिकविणाऱ्या घरांचा मांडला. दोघांचीही रीत एकच. आधी स्वतः जाऊन मोजा, मग बोला.

निवृत्तीनंतरही हिल यांचे प्रयोग थांबले नाहीत. १९५० साली त्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञांना जाहीर आव्हान दिले. एटीपी हा पदार्थ स्नायूचे इंधन आहे, असे सर्व जण म्हणतात. मग जिवंत स्नायू आखडताना तो खरोखर खर्च होतो, हे प्रयोगाने दाखवा. हे दाखवायला १९६२ साल उजाडले. बारा वर्षे सर्वमान्य मताला पुरावा मागत राहणारा हा वृद्ध माणूस कोणाला हट्टी वाटला असेल. परंतु तो पुरावा त्यांच्या आव्हानामुळेच अधिक काटेकोर झाला. १९६७ साली ते केंब्रिजला परतले आणि ३ जून १९७७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर त्यांच्या कल्पनांचीही छाननी होत राहिली आहे. धाव संपल्यानंतर लागणारा सगळाच जादा प्राणवायू लॅक्टिक आम्लाच्या खाती घालता येत नाही, हे आता ठरले आहे. वाढलेले तापमान, संप्रेरके, स्नायूतील फॉस्फेटची भरपाई असे कितीतरी खर्च त्यात असतात. म्हणून ऋण हा शब्द शास्त्रज्ञ आता जपून वापरतात. लॅक्टेट हे टाकाऊ नसून हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, हेही कळले आहे. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्लामुळे, असे तालमीत आणि मैदानावर अजून सांगतात. ते खरे नाही. ते आम्ल तास-दोन तासांत निघून गेलेले असते. कमाल प्राणवायूची मर्यादा खरोखर हृदयाची, की मेंदूने घातलेली, यावरही वाद झाले आहेत. हिल असते, तर त्यांनी या वादांत आनंदाने भाग घेतला असता, असे त्यांच्या वृत्तीवरून म्हणावेसे वाटते.

व्यायामाच्या अभ्यासाला विद्यापीठात मानाची जागा सहजासहजी मिळालेली नाही. १९२७ साली हार्वर्ड विद्यापीठात थकव्याच्या अभ्यासाची प्रयोगशाळा निघाली, ती व्यापारशिक्षणाच्या इमारतीच्या तळघरात. आणि पुष्कळ मोलाचे काम करूनही १९४७ साली ती बंद झाली. १९६३ साली त्याच हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी शारीरिक शिक्षणाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम बंदच करावेत, असे मत मांडले. त्यानंतरच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या बर्कली येथील फ्रँकलिन हेन्री यांनी लेख लिहून शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र विद्याशाखा कशी होऊ शकते, ते सांगितले. हे हेन्री हिल यांच्याच वाटेने धावपटूंच्या वेगाचा आणि प्राणवायूच्या ऋणाचा अभ्यास करीत आलेले होते. आपल्याकडे मद्रासला १९२० साली आणि ग्वाल्हेरला १९५७ साली शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये निघाली. म्हणजे परंपरा नाही, असे आपणही म्हणू शकत नाही.

तथापि इमारती आणि पदव्या यांनी विषयाला प्रतिष्ठा येत नाही. ती येते प्रश्नांनी. आपल्या भागात मैदाने आहेत, तालमी आहेत, ऊसतोडीपासून पोती वाहण्यापर्यंत अंगमेहनतीची कामे आहेत. पहाटे पोलीस-भरतीसाठी धावणारी मुले आहेत, डोक्यावर घागर घेऊन चढ चढणाऱ्या बाया आहेत. या प्रत्येकात मोजण्यासारखे काहीतरी आहे. त्यासाठी पहिल्या दिवशी लागते ते एक घड्याळ, एक वही आणि आपल्याच मताविरुद्ध गेलेला आकडा न खोडण्याची तयारी. शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्याने गणिताला भिऊ नये आणि गणिताच्या विद्यार्थ्याने मैदानाला कमी लेखू नये, एवढे जरी हिल यांच्या चरित्रातून आपण उचलले, तरी ते पुष्कळ झाले.